‘कबूल करायला सांग, सुटेल’ म्हणण्याआधी

तुमचा प्रश्न वाचला. गरीब आरोपींना मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनलवरून तुम्हाला मिळालेली ही पहिलीच मोठी केस. आरोपी घरकाम करणारी बाई, वय तिशीच्या आसपास. आपण मूळच्या बांगलादेशातल्या नडाइल जिल्ह्यातल्या, असं ती स्वतः सांगते. चौदाव्या वर्षी गावातल्याच एका बाईनं ‘कामाला लावते’ म्हणून इकडे आणलं. नवरा पश्चिम बंगालमधल्या मुर्शिदाबादचा, भारतीय. जानेवारी २०२५ मध्ये अटक झाली, तेव्हापासून अकरा महिने आत आहे आणि चार वर्षांची मुलगीही तिच्याबरोबर आहे. दोषारोपपत्रात परदेशी नागरिक अधिनियम, १९४६ ची कलमं १४ आणि १४-अ, शिवाय पारपत्र (भारतात प्रवेश) नियमांचा भंग. बाररूममधले ज्येष्ठ सांगतात, “कबूल करायला सांग, भोगलेली शिक्षा मिळेल, महिन्याभरात सुटेल.” हे बरोबर आहे का, आणि अशा गुन्ह्यात शिक्षा ठरते कशी, असं तुम्ही विचारलंय.

मी बावीस वर्षं ठाणे आणि मुंबईच्या कोर्टांत फौजदारी बाजू चालवते. त्यात अशी प्रकरणं बरीच आली. ज्येष्ठांचा सल्ला वाईट हेतूनं दिलेला नाही. एके काळी तो बऱ्याच वेळा लागूही पडायचा. पण तुम्ही सांगितलेल्या हकिकतीत तो कायद्याच्या साध्या हिशेबातच बसत नाही. आणि ‘सुटेल’ या शब्दाचा अर्थ तिला कोणी समजावून सांगितलेला नाही, याची मला जास्त काळजी वाटते.

आधी कलमांचं पाहू. जुन्या कायद्याच्या कलम १४ मध्ये पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे, किमान शिक्षा नाही. त्यामुळे मॅजिस्ट्रेट तीन महिनेही देऊ शकतो, भोगलेली शिक्षाही पुरेशी मानू शकतो. १४-अ हे २००४ च्या दुरुस्तीनं आलेलं कलम. वैध कागदपत्रांशिवाय भारतात शिरणं किंवा राहणं यासाठी त्यात किमान दोन वर्षं, कमाल आठ वर्षं कैद आणि दहा ते पन्नास हजार दंड. म्हणजे १४-अ चा आरोप कायम ठेवून तिनं कबुली दिली, तर अकरा महिन्यांवर सोडणं न्यायाधीशाच्या हातातच नाही. दोन वर्षांच्या खाली त्याला जाता येत नाही. कोणी दया दाखवून खाली गेलंच, तर शिक्षा अपुरी म्हणून सरकारला अपील करता येतं. सुटलेली बाई पुन्हा शोधून आणायची वेळ येते.

कमाल शिक्षा सात वर्षांच्या वर असल्यानं १४-अ सत्र न्यायालयापुढे चालतं आणि प्ली बार्गेनिंगचा, म्हणजे कमी शिक्षेच्या बदल्यात ठरवून कबुली देण्याचा, रस्ताही बंद होतो. कलम १४ मात्र मॅजिस्ट्रेटपुढे चालतं. बाईनं केलेली गोष्ट एकच, पण तपास अधिकाऱ्यानं कुठलं कलम लावलं त्यावर कोर्ट बदलतं, किमान शिक्षा बदलते, तडजोडीची शक्यता बदलते. एकाच चाळीतून, एकाच रात्री उचललेल्या दोन बायकांपैकी एकीला १४ आणि दुसरीला १४-अ लागलेलं मी पाहिलंय. म्हणून तुमचं पहिलं काम आरोप निश्चितीच्या वेळचं आहे. १४-अ कशाच्या आधारावर लावलं, पुरावा काय, हे तिथेच मांडा. आरोप निश्चित झाल्यावर जागं होऊन फारसा उपयोग नाही.

आता नवा कायदा. आप्रवास आणि परदेशी नागरिक अधिनियम, २०२५ हा १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला आणि १९२०, १९३९, १९४६ आणि २००० चे चार जुने कायदे रद्द झाले. कागदपत्रांविना प्रवेशाला आता कलम २१ खाली पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. व्हिसाची मुदत संपून राहिल्यास कलम २३ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बनावट पासपोर्ट, प्रवासाचा दस्त किंवा व्हिसा जाणूनबुजून वापरला किंवा पुरवला, तर कलम २२ खाली किमान दोन, कमाल सात वर्षं आणि एक ते दहा लाख दंड.

बारकाईनं पाहिलंत तर दोन मोठे फरक दिसतील. नुसत्या प्रवेशासाठी असलेली दोन वर्षांची किमान शिक्षा गेली. आणि ‘आणि’च्या जागी ‘किंवा’ आलं, म्हणजे कैदेशिवाय फक्त दंडावरही प्रकरण संपू शकतं.

तुमच्या बाईची अटक जुन्या कायद्याखालची आहे. संविधानाच्या अनुच्छेद २०(१) नुसार गुन्ह्याच्या वेळी होती त्याहून जास्त शिक्षा तिला देता येत नाही, त्यामुळे नव्या कायद्यातला मोठा दंड तिला लागू शकत नाही. पण नंतरच्या कायद्यानं शिक्षा कमी केली असेल, तर तिचा फायदा आरोपीला मिळायला हवा, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर १९८२ मध्ये टी. बराई विरुद्ध हेन्री आह हो या अन्नभेसळीच्या प्रकरणात मांडलंय. ते इथे जरूर मांडा. समोरून सरकारी वकील सर्वसाधारण खंड अधिनियमाचं कलम ६ काढतील आणि म्हणतील, जुनी शिक्षा टिकते. न्यायाधीश कुठल्या बाजूला झुकतील हे ठामपणे कोणी सांगू शकणार नाही. युक्तिवाद मात्र भक्कम आहे, आणि तो लेखी द्या, म्हणजे वर जायची वेळ आली तर रेकॉर्डवर राहील.

हे झालं शिक्षेच्या आकड्यांचं. खरा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. ती परदेशी आहे हे ठरलंय का?

कबुली देते तेव्हा ती ‘मी बिनकागदाची राहिले’ एवढंच म्हणत नाही. ‘मी भारतीय नाही’ हेही न्यायालयाच्या कागदावर कायमचं लिहून देते. कबुलीवर शिक्षा झाली की अपील फक्त शिक्षेच्या प्रमाणावर आणि कायदेशीरपणावर करता येतं, दोषसिद्धीवर नाही. आणि तुमच्या प्रकरणात याची झळ आईच्या पुढे जाऊन मुलीला लागते. ३ डिसेंबर २००४ नंतर भारतात जन्मलेल्या मुलाला जन्मानं नागरिकत्व मिळायला एक पालक भारतीय हवा आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा. बाप मुर्शिदाबादचा भारतीय आहे, पण आईनं आपण बेकायदा आलो असं कबूल केलं, तर त्याच कागदानं लेकीचा दावा अडतो. ज्येष्ठांनी सल्ला देताना त्या चार वर्षांच्या पोरीचा विचार केला होता का, हे त्यांना नक्की विचारा.

कायद्यात सिद्धतेचा भार आरोपीवर आहे, जुन्या कायद्यात कलम ९, नव्यात कलम १६. म्हणून अनेक जण हातपाय गाळतात. पण जुलै २०२४ मध्ये रहीम अली विरुद्ध आसाम या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की संशयाला काहीतरी ठोस आधार असल्याशिवाय कोणालाही उचलून ‘नागरिक असल्याचं सिद्ध कर’ असं म्हणता येत नाही. दुसरी बाजूही सांगते. आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र असलं म्हणून कोणी नागरिक ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२५ मध्ये ठाण्याच्याच एका जामीन प्रकरणात स्पष्ट केलं. त्यामुळे आधारकार्ड पुढे करून निर्धास्त राहू नका. जन्माची नोंद, शाळेचा दाखला, आईवडिलांची जुनी मतदारयादी असा माग काढावा लागतो.

ही भीती हवेतली नाही. जून २०२५ मध्ये महाराष्ट्रात मजुरीला आलेल्या, मुर्शिदाबादकडच्या काही माणसांना बांगलादेशी समजून सीमेपार पाठवलं गेलं आणि नंतर परत आणावं लागलं. मुर्शिदाबाद आणि सीमेपलीकडच्या राजशाहीची बोली आपल्या कानाला सारखीच वाटते. तुमची बाई नडाइलची आहे असं ‘ती सांगते’. ते तिनं कोणाला, कुठल्या भाषेत, कुठल्या परिस्थितीत सांगितलं, हे तुम्ही तिच्याशी एकटीशी, बांगला येणाऱ्या माणसाला बरोबर घेऊन बोलल्याशिवाय धरून चालू नका.

हे मी आग्रहानं लिहिते त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्याच प्रकरणासाठी कोर्टात बसले होते. पुकारा झाला, तीन बायका पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. हिंदीतून विचारलं गेलं, “गुन्हा कबूल आहे का?” पहिलीनं मागे वळून पैरवीच्या, म्हणजे पोलिसांतर्फे कोर्टाचं काम पाहणाऱ्या, हवालदाराकडे पाहिलं, त्यानं मान हलवली, ती म्हणाली, “जी.” दुसरी आणि तिसरीही तेच म्हणाल्या. दुभाषी नव्हता. चार मिनिटांत रोजनामा, म्हणजे कोर्टाची त्या दिवसाची नोंद, लिहून झाला. बाहेर बाकावर त्यातल्या एकीला मी मोडक्या बांगलात विचारलं, काय विचारलं कळलं का? ती म्हणाली, “घरकाम करायचीस का, असं विचारलं.” तिच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत एक लहान मुलाचा स्वेटर होता, तो ती सारखा घडी घालत होती. तेव्हापासून दुभाषीचा लेखी अर्ज दिल्याशिवाय मी कुठल्याही अशिलाची कबुली होऊ देत नाही.

आता ‘सुटेल’ या शब्दाकडे येते. इतर गुन्ह्यांत शिक्षा संपली की माणूस घरी जातो. इथे ती संपली की हद्दपारीची प्रक्रिया सुरू होते. परदेशी माणसाला देशाबाहेर काढण्याचा सरकारचा अधिकार फार व्यापक आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं १९५५ च्या हान्स म्यूलर प्रकरणापासून धरलेलं आहे. जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचं, अनुच्छेद २१ चं संरक्षण तिला आहे, पण इथे राहण्याचा हक्क नाही. तुरुंगातून पोलीस तिला ताब्यात घेतात, राष्ट्रीयत्वाची पडताळणी परराष्ट्र खात्यामार्फत ढाक्याला जाते, तिथून तिच्या गावापर्यंत. उत्तर येईपर्यंत ती कुठल्यातरी बंद दाराआड असते, आणि त्या काळाला शिक्षेसारखी ठरलेली मुदत नसते.

माझी एक अशील नडाइलच्या कालिया उपजेलातली (आपल्याकडच्या तालुक्यासारखा भाग) होती. आधीच्या वकिलानं कबुली दिलेली, शिक्षा सहा महिन्यांची, ती भोगूनही झालेली. मी प्रकरण हाती घेतलं तेव्हा शिक्षा संपून चौदा महिने झाले होते आणि बाई अजून आतच. फाइल चाळताना कारण सापडलं. जबाबात नडाइलच्या जागी ‘नारायणगंज’ लिहिलं होतं. लिहिणाऱ्यानं ऐकीव नाव ओळखीच्या नावात बसवलं असावं. पडताळणी भलत्याच जिल्ह्यात गेली आणि ‘अशी व्यक्ती आढळत नाही’ म्हणून परत आली. आम्ही एका कागदावर गाव, युनियन, उपजेला, जिल्हा, बापाचं नाव, चुलत्याच्या दुकानाचं नाव, जवळची शाळा असं सगळं बांगला लिपीत लिहून दिलं. त्यानंतर काम हललं. म्हणून, ती खरोखर बांगलादेशी असेल आणि तिला परत जायचं असेल, तर शिक्षेच्या युक्तिवादाआधी हा कागद तयार करा. एखाद-दोन महिन्यांची कपात मिळवण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

कबुली कधी द्यावी? मी देतेही. राष्ट्रीयत्वाबद्दल खात्री आहे, तिला घरी जायचंय, मुलांच्या हक्काचा प्रश्न नाही, आणि लागलेल्या कलमात किमान शिक्षा नाही, तेव्हा वेळ काढण्यात अर्थ नसतो. अशा वेळी साध्या कबुलीपेक्षा प्ली बार्गेनिंग बरं, कारण त्या अर्जातलं आरोपीचं म्हणणं दुसऱ्या कशासाठी वापरता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत त्याचा अर्ज आरोप निश्चितीपासून ३० दिवसांत द्यावा लागतो. पहिल्यांदाच गुन्हा केलेल्याला कमाल शिक्षेच्या एक षष्ठांशापर्यंत उतरता येतं. पाच वर्षांच्या कलमात हे दहा महिने होतात, आणि तुमच्या बाईचे अकरा झालेत. म्हणजे १४-अ गळालं, तर ज्येष्ठ म्हणतात ते घडू शकतं. हा ‘तर’ महत्त्वाचा.

पण घाईच्या कबुलीची दुसरी बाजू २०२० मध्ये सगळ्या देशानं पाहिली. तबलीगी जमातच्या कार्यक्रमाला आलेल्या परदेशी लोकांवर व्हिसाच्या अटींचा भंग, साथरोग कायदा वगैरे गुन्हे लागले. दिल्लीत शेकडो जणांनी प्ली बार्गेनिंग करून पाच-दहा हजार दंड भरला आणि ते मायदेशी गेले. अडकून पडलेल्या माणसाच्या दृष्टीनं तो शहाणपणाच होता. मात्र ज्या ३६ जणांनी खटला लढवला, ते डिसेंबर २०२० मध्ये निर्दोष सुटले. त्याआधी ऑगस्टमध्ये औरंगाबाद खंडपीठानं २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्दच केले होते. आरोप साधारण एकाच जातीचे होते. एकाच्या नावावर दोषसिद्धी राहिली, दुसऱ्याच्या नावावर नाही, आणि पुढच्या प्रत्येक व्हिसा अर्जात तो फरक विचारला जातो.

तुमच्या बाईच्या बाबतीत आणखी एक धागा आहे, तो तुम्ही प्रश्नात जाता जाता लिहिलात. ती चौदा वर्षांची असताना तिला आणलं. म्हणजे प्रवेश केला तेव्हा ती बालक होती. गुन्ह्याच्या तारखेला वय काय होतं यावर बालन्याय कायदा लागतो, त्यामुळे प्रवेशाचा भाग वेगळा काढून मांडा. सरकारी पक्ष म्हणेल की राहणं हा चालू, म्हणजे रोज घडत राहणारा, गुन्हा आहे, त्याला उत्तर तयार ठेवा. शिवाय केंद्रीय गृह मंत्रालयाची १ मे २०१२ ची मार्गदर्शक सूचना शोधून जोडा. परदेशी स्त्री किंवा मूल मानवी तस्करीचं बळी आहे आणि स्वेच्छेनं आलेलं नाही असं तपासात दिसलं, तर दोषारोपपत्र दाखल करू नये, आधीच केलं असेल तर खटला मागे घेण्यासाठी पावलं उचलावीत, असं त्यात म्हटलंय. कामाला लावणाऱ्या त्या बाईनं पगार कोणाच्या हातात दिला, पहिली दोन-तीन वर्षं कुठे ठेवलं, बाहेर पडू दिलं का, हे हळूहळू विचारा. एका भेटीत सांगणार नाही. माझ्या अनुभवात तिसऱ्या-चौथ्या भेटीत बोलणं सुरू होतं.

आणखी एक चौकशी. १ सप्टेंबर २०२५ च्या सूट देणाऱ्या आदेशानं अफगाणिस्तान, बांगलादेश आणि पाकिस्तानातून धार्मिक छळामुळे किंवा त्याच्या भीतीनं ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती व्यक्तींना कागदपत्रांच्या अटीतून वगळलंय. ती त्यात बसते का, हे विचारून नोंदवून ठेवा. बसत नसेल तर तो मुद्दा तिथेच संपला.

धोरणाबद्दल विचारलंत म्हणून माझं मत सांगते. आपल्याकडे शिक्षा ठरवण्याची मार्गदर्शक तत्त्वं नाहीत. फौजदारी न्यायव्यवस्थेच्या सुधारणांसाठी नेमलेल्या मलिमथ समितीनं २००३ मध्ये ती हवीत म्हणून सांगितलं, सर्वोच्च न्यायालयानंही २००८ मध्ये प्रेम सागर प्रकरणात ही उणीव दाखवली. अमेरिकेत ती आहेत. तिथे हद्दपारीनंतर पुन्हा शिरणाऱ्याला मूळ कमाल शिक्षा दोन वर्षं, आधी गंभीर गुन्ह्यात दोषी ठरला असेल तर दहा किंवा वीस वर्षांपर्यंत, आणि २०१६ पासून मार्गदर्शक तत्त्वांत आधीच्या गुन्ह्याच्या नावापेक्षा त्यात प्रत्यक्ष किती शिक्षा झाली होती याला वजन दिलं जातं. ती पद्धत कडक आहे आणि मला ती जशीच्या तशी इथे नकोय. पण त्यात एक विचार आहे: माणसानं आधी काय केलंय ते मोजायचं. आपल्या २००४ च्या दुरुस्तीनं दलालामागे भाताच्या खाचरातून चालत आलेली पोरगी आणि बनावट कागद विकणारा माणूस यांना जवळजवळ एकाच तराजूत तोललं. दोन वर्षं आत ठेवून जिला शेवटी सीमेवरच सोडायचंय, तिच्या त्या दोन वर्षांनी कोणाला धाक बसतो? दलाल मोकळाच राहतो. नव्या कायद्यानं प्रवेशाची किमान शिक्षा काढली हे मला मनापासून योग्य वाटतं. कलम २२ मध्ये मात्र खोटा पासपोर्ट वापरणारा आणि तो पुरवणारा यांना एकच किमान शिक्षा आहे, ती चूक तशीच राहिली. शिवाय किमान दंड एक लाख, आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचा दंडाचा अधिकार पन्नास हजारांपर्यंत. हा पेच येत्या काळात बऱ्याच कोर्टांत उभा राहील.

दंडावरून आठवलं. कोठडीतले दिवस शिक्षेतून वजा होतात, पण दंड न भरल्याबद्दलच्या कैदेतून होत नाहीत. दहा हजार दंड आणि तो न भरल्यास तीन महिने असा आदेश झाला, तर ते तीन महिने नव्यानं बसावं लागतं. घरकाम करणाऱ्या बाईकडे दहा हजार नसतात. शिक्षेच्या सुनावणीत दंड किमान ठेवावा आणि तो न भरल्यासची कैद काही दिवसांचीच असावी, हे वेगळं मागा. जिथे ती कामाला होती त्या घरच्यांची प्रतिज्ञापत्रं, पूर्वी कुठलाच गुन्हा नसल्याची नोंद, मुलीचं वय, आत काढलेले महिने, हे सगळं कागदावर द्या. तोंडी ‘दया करावी’ एवढंच म्हणून बसू नका.

आणि पुढच्या तारखेला, काहीही ठरलं तरी, एक अर्ज बरोबर न्या. शिक्षा संपल्यानंतर किंवा जामीन झाल्यानंतर तिला पोलीस ठाण्यात न ठेवता महिला आधारगृहात ठेवावं आणि मुलीला तिच्यापासून वेगळं करू नये, एवढाच. मूल सहा वर्षांचं होईपर्यंत आईजवळ तुरुंगात राहू शकतं. तुमच्या या मुलीची दोन वर्षं उरलीत. आदेशात हे वाक्य नसलं, तर त्या रात्री ताबा घेणारा अधिकारी आपल्या समजुतीप्रमाणे ठरवतो.

कालियाच्या त्या कागदाचा नमुना माझ्याकडे आहे. नावं काढून तुम्हाला पाठवते.